घोडचूक

मी घोडा बोलतोय. शेपूट शोधू नका, ती नाही मला. रंगारी ज्याच्यावर चढून छत रंगवतो ना, तो लाकडी घोडा. दोन शिड्या डोक्याशी बोल्टानं जोडायच्या, पाय फाकू नयेत म्हणून मधे दोरी बांधायची, झाला घोडा तयार. चारा नाही, लीद नाही, कुणाला लाथ नाही. तरी माणसानं मोठी चूक केली की तिला म्हणतात घोडचूक! डोकंच फिरतं माझं. चूक करणार तुम्ही आणि नाव आमचं. आजवर एका तरी घोड्यानं दहा मिनिटांत घर विकत घेतलंय का?

एका माणसानं घेतलं. त्याचीच गोष्ट सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असेल, की चार पैसे गाठीला आहेत, एखादं घर घेऊ, भाड्यानं देऊ आणि निवांत बसून खाऊ, तर जरा बूड टेकून ऐका. मला लिहितावाचता येत नाही. पण भाड्याची घरं मी छतापासून खालपर्यंत बघितली आहेत, आणि ती पण रिकामी असताना. रिकामं घर खोटं बोलत नाही. माणसं आली की बोलतं.

माझा जन्म सुताराकडचा. कुठल्याशा मशिनीच्या खोक्याच्या फळ्या होत्या, त्यातून त्यानं मला काढला. माझ्या एका पायावर अजून अक्षरं आहेत. ‘नाजूक माल, ही बाजू वर’ असं लिहिलंय म्हणे. सुतारानं ती बाजू खाली केली. तिथूनच माझ्या आयुष्याला सुरुवात.

मला नेलं एका रंगाऱ्यानं. सडपातळ माणूस, कपड्यांवर सतरा घरांचे रंग. त्याची एक सवय होती. नवीन घरात शिरला की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा, डॉक्टर पाठीवर करतो तसं. आवाजावरून त्याला कळायचं, कुठं गिलावा सुटलाय, कुठं आत पाणी आहे. कळायचं सगळं, पण बोलायचा नाही. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्याचा धंदा. सांगितलं की काम हातचं जातं.

तर एकदा आम्हाला बोलावलं एका चष्मेवाल्यानं. त्याचं एक छोटं घर होतं, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, वर गच्ची. ते विकायचं होतं. आतल्या खोलीची एक भिंत न्हाणीघराला लागून. त्या भिंतीवर खालून कमरेपर्यंत काळसर डाग, रंगाचे पापुद्रे सुटलेले, हात लावला की पीठ खाली. रंगाऱ्यानं टकटक केली आणि माझ्याकडं बघितलं. मी काय बोलणार?

चष्मेवाला म्हणाला, “महिनाभर टिकलं तरी चालेल.”

रंगाऱ्यानं भिंत खरवडली, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वरून ऑइलपेंटचे दोन हात दिले. पिस्त्यासारखा रंग, आरशासारखी चकचकीत भिंत. जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातलं कुणाला दिसू नये म्हणून रंगाऱ्याला पैसे देत होता.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो, आणि ही फुकट सांगतोय. विकायला काढलेल्या घरात ताज्या रंगाचा वास आला, की नाक मिटू नका, उलट जास्त वास घ्या. सगळं घर रंगवलं असेल तर एक वेळ ठीक. पण चार भिंतींतली एकच नवी दिसली, तर ती का नवी केली हे विचारा. कपाट ओढून मागं बघा. न्हाणीघराच्या पलीकडच्या बाजूला तळहात टेकवा. भिंत गार लागली तर आत पाणी आहे. हे सांगायला इंजिनियर लागत नाही, हात लागतो.

आता गिऱ्हाईक आलं. बोअर मारणारा माणूस. तीस वर्षं त्यानं मशीन घेऊन गावोगाव फिरत जमिनीतून पाणी काढलं होतं. लोक त्याला दोनशे फूट म्हणायचे. कारण कुणी काही विचारलं की त्याचं एकच उत्तर, “दोनशे फुटांवर लागणारच!” लागायचं पण बरेचदा. आता त्याची कंबर गेली होती. मशिनीतला हिस्सा भागीदाराला विकून पैसे आले होते. माणूस मनानं सरळ, पण डोकं तापलेल्या तव्यासारखं. बोलणं म्हणजे ओरडणं. मशिनीच्या आवाजात तीस वर्षं गेली, हळू बोलायची सवयच नाही.

तो आला ते खरंच घोड्यावर बसून आल्यासारखा. फटफटी दारात चालूच. दोन खोल्या बघितल्या, गच्चीवर गेला, टाकी ठोकून बघितली, खाली आला.

“गळतं का?”

“छे! थेंब नाही,” चष्मेवाला म्हणाला.

आणि खरं सांगतो, तो खोटं बोलला नाही. गळत नव्हतंच. गळतं ते छत. भिंत गळत नाही, भिंतीला ओल येते. यानं विचारलं, ‘गळतं का?’ त्यानं सांगितलं, ‘नाही.’ ओल येते का, हे विचारलंच नाही कुणी. एक शब्द बदलला असता तर घर हातातून सुटलं असतं किंवा निम्म्यात मिळालं असतं. मी कोपऱ्यात उभा होतो, अंगावर पिस्ता रंगाचे थेंब ओले होते. गिऱ्हाइकानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “रंगकाम चालू होतं वाटतं?” आणि उत्तर ऐकायच्या आत बाहेर पडला.

रंगारी तिथंच ब्रश धूत होता. त्याला विचारायचं होतं की, बाबा, कुठं कुठं काय भरलंस? एक कप चहा पाजला असता तर सगळं सांगितलं असतं त्यानं. शेजारी एक बाई दारात बसली होती. तिला विचारायचं होतं, आधीचे भाडेकरू का गेले? आणि या गल्लीत भाडं खरं किती मिळतं, सौदा जुळवणारा एजंट म्हणतो तेवढं की कमी? कुणाला म्हणजे कुणाला विचारलं नाही. दहा मिनिटांत सौदा. फटफटी चालू होती ना, पेट्रोल जळत होतं!

पुढचं मी नंतर शेजारणीच्या तोंडून ऐकलं. पहिला भाडेकरू म्हणून भाचा आला. बहिणीचा मुलगा, मोबाइलच्या दुकानात कामाला. दोनशे फुटाची बायको तेव्हाच म्हणाली होती, “अहो, कागद करा.”

“भाच्याशी कागद? लाज आहे का काही?”

“लाज आहे म्हणूनच म्हणते. उद्या मागायला लाज वाटेल.”

ही बाई फार बोलायची नाही. पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. कागद झाला नाही, अनामत घेतली नाही. भाच्यानं पहिल्या महिन्याचं भाडं दिलं. मग “मामा, पगार लांबला”, मग “मामा, गाडीचा हप्ता होता”, मग नुसतंच “मामा!” पाच महिने राहिला. गेला तेव्हा घरातले बल्ब पण काढून नेले. बल्ब न्यायचे ते न्या, होल्डर पण नेले! दोनशे फूट बहिणीला फोन करायला गेला आणि चार वेळा नंबर दाबून बंद केला. करणार काय? बहिणीच्या घरी जेवायला जायचं होतं की पुढं.

नातेवाइकाला घर देऊ नका असं मी म्हणत नाही. द्या. पण परक्याला देता तसं द्या. कागद, अनामत, आणि आत काय काय आहे त्याचे फोटो. पंखे किती, नळ किती, काच कुठली फुटकी. दोघांच्या सह्या. मग भांडण होत नाही, आणि झालंच तर छोटं होतं.

भाचा गेला तोवर आतल्या भिंतीवर पिस्ता रंगाला फोड आले होते, पुरी फुगते तसे. फोडावर बोट दाबलं की आतून पाणी.

“हे कार्ट्यानं केलं! पाणी उडवलं असणार!” दोनशे फूट गरजला. आणि बोलावलं कुणाला? रंगाऱ्याला. म्हणजे मला.

आम्ही गेलो. रंगाऱ्यानं पुन्हा टकटक केली, पुन्हा गप्प. खरवडलं, भरलं, रंगवलं. आठ दिवसांचं काम, त्या आठ दिवसांचं भाडं पण बुडालं.

दुसरा आला बँकेतला कारकून आणि त्याची नवी बायको. गरीब माणसं, कागद झाला, अनामत दिली, महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडं. सोन्यासारखा भाडेकरू. पण आमच्या मालकाचं डोकं! दर रविवारी हा तासाभराचा प्रवास करून यायचा घर बघायला. “खिळे किती मारले?” “पंखा इतक्या जोरात कशाला?” “गच्चीवर कपडे त्या तारेवर नका घालू, या तारेवर घाला.” एकदा दार वाजवलंच नाही. स्वतःच्या किल्लीनं उघडून सरळ आत. ती पोरगी डोकं धुऊन केस पुसत उभी होती. ती किंचाळली. हा तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला, “माझं घर आहे!”

संध्याकाळी कारकून हळू आवाजात म्हणाला, “घर तुमचं आहे. पण भाडं आम्ही कशाचं देतो मग?”

हा पाय आपटत निघून गेला. उत्तर नसलं की हा माणूस आणखी चिडतो. महिनाअखेर ती दोघं गेली. भिंतीवर पुन्हा फोड होते. यानं म्हटलं, ओले कपडे भिंतीला टेकवले तुम्ही, आणि अनामतीतले पैसे कापले. कारकुनानं वाद घातला नाही. फक्त बँकेत जो जो खोली विचारायचा, त्याला सांगायचा, “तिथं नको.”

रंगारी तिसऱ्यांदा आला. काम संपलं, पण जाताना मला घेतलं नाही. म्हणाला, “मालक, घोडा इथंच असू द्या. परत परत ओढून आणण्यापेक्षा बरं.”

दोनशे फूट म्हणाला, “ठेव, ठेव.” त्याला वाटलं, काय भला माणूस आहे. अरे बाबा! रंगारी घोडा ठेवून जातो याचा अर्थ कळत नाही तुला? त्याला माहीत आहे, तू परत बोलावणार. मला त्या दिवशी तोंड असतं तर तिथंच बोललो असतो.

मग घर अडीच महिने रिकामं. एजंटानं कानात सांगितलं होतं, “भाडं वाढवून मागा, मिळेल.” हा वाढवून मागत बसला. बघायला येणारे मान हलवून जायचे. बंद घराला वास येतो हो, मेलेल्या उंदरासारखा. मी आतल्या खोलीत एकटा उभा. नळाखाली ठेवलेल्या डब्यात थेंब पडायचा, तेवढीच सोबत. थोडं कमी भाडं घेतलं असतं तर अडीच महिन्यांचं हातात असतं. पण आकड्याचा हट्ट. नवख्यांनी घर घ्यायच्या आधीच धरून चालावं की वर्षातले बाराच्या बारा महिने भाडं येत नाही. दहाच धरा. त्यातून एक महिन्याचं दुरुस्तीला बाजूला. एवढं करून परवडत असेल तर घ्या. नाही तर नका घेऊ, जीव जातो.

त्यांचा जीव जायलाच आला होता. मशीन गेलेलं, कंबर गेलेली, याच भाड्यावर दोघांची चूल. एक दिवस बायको स्वतः घर बघायला आली. पदर कमरेला खोचून सगळीकडं फिरली. मग माझ्या खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली,

“अहो, ऐका. आणखी एक भाडेकरू. तो वर्षाच्या आत गेला, तर घर विकायचं. मी एजंटाशी बोलून ठेवलंय. तो तोट्यात घेईल, घेऊ दे. उरलेलं बँकेत टाकू.”

“अगं, तोट्यात कशाला...”

“मग भाडेकरू टिकवा.”

बस. पुढं बोलणं नाही.

तिसरी आली सिस्टर. दवाखान्यात नर्स, चाळिशीची, सोबत म्हातारी आई. आईला दम लागायचा. या वेळी बायकोनं नवऱ्याला बाजूला बसवलं आणि चौकशी स्वतः केली. कुठं काम करता, किती वर्षं, आधी कुठं राहत होता. आणि एक शहाणपण केलं. सिस्टर सध्या ज्याच्या घरात राहत होती त्याला विचारलं नाही. त्याला नकोशी असेल तर तो तोंड भरून कौतुकच करणार की! त्याच्या आधीच्या घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, “बाई चांगली. पण नळ बिघडला तर रोज फोन करेल.” बायको म्हणाली, “मग चांगलीच आहे. फोन करणारी बरी. न सांगता राहणारी घर कुजवते.”

दोन महिने बरे गेले. दोनशे फूट दात ओठ खाऊन घरी बसला, रविवारी आला नाही. मग सिस्टरचा फोन गेला. “काका, आतल्या भिंतीला ओल आहे. आईचा पलंग तिथं आहे. तिचा खोकला वाढलाय.”

हा आला. रंगाऱ्याला बोलावतच होता, तेवढ्यात सिस्टर म्हणाली, “रंग नको. आधी कारण बघू.” आणि तिनं एक काम केलं. खिशातलं पेन काढलं आणि डागाच्या कडेकडेनं रेघ ओढली. रेघेजवळ तारीख लिहिली.

“हे काय?”

“पेशंटच्या पायाला सूज आली की आम्ही कडेनं रेघ मारतो. वाढते का, थांबते का, बघायला.”

“भिंत काय पेशंट आहे?”

“दिसतेय तर तशीच.”

हा हसला नाही. पाण्याचा विषय निघाला होता आणि पाणी म्हणजे याचा प्रांत. दहा-बारा दिवसांनी हा कुठून तरी दोन फाट्यांची काटकी घेऊन आला, दोन्ही मुठीत धरली आणि घरभर फिरायला लागला. बोअर मारायच्या आधी असंच फिरायचा. म्हातारी पलंगावर उठून बसली. “अगं, हे काय करतायत?”

“पाणी शोधतायत, आई.”

“घरात? नळ आहे की तिथं.”

काटकी त्या भिंतीपाशी आली आणि खाली वाकली. दोनशे फूट ओरडला, “झरा! खाली झरा आहे! म्हणून भिंतीत चढतंय. फरशी फोडावी लागणार.”

घ्या! मी त्याच फरशीवर उभा होतो.

सिस्टर शांतपणे म्हणाली, “काका, गेल्या शनिवार-रविवार मी आणि आई भावाकडं होतो. जाताना टाकीचा कॉक बंद केला होता. रेघ बघा. ते दोन दिवस डाग तसूभर वाढला नाही. सोमवारी आम्ही आलो, नळ चालू झाला, मंगळवारी डाग रेघेच्या बाहेर. झऱ्याला काय माझी ड्युटी कळते?”

 मग म्हातारी खी खी करून हसली आणि खोकायला लागली. दोनशे फूट लालबुंद. काटकी मोडली, दोन तुकडे फेकले आणि ओरडला, “सिस्टर, तुम्ही सुया टोचा! पाणी माझ्यावर सोडा!”

सिस्टरचा आवाज चढला नाही. “सोडलं. पण पहिल्या तारखेपर्यंत भिंतीचं काही झालं नाही, तर मी दुसरी खोली बघितलीय. आईला मी या भिंतीशेजारी नाही ठेवणार.”

तो तणतणत गेला. घरी जाऊन बायकोला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दोघं आली आणि सोबत प्लंबर. बायको पुढं होती. रंगारी पण आला होता, राहिलेले ब्रश न्यायला.

प्लंबरनं न्हाणीघरातल्या नळामागच्या दोन फरशा काढल्या. आत पाइपाचं एक वळण, आणि तिथल्या जोडाच्या आट्यांतून दोऱ्यासारखं बारीक पाणी. आवाज सुद्धा नाही. वर्षानुवर्षं भिंत ते पाणी पीत होती.

दोनशे फुटानं वाकून पाइपाला बोट लावलं. मग हळू, आयुष्यात पहिल्यांदा हळू, म्हणाला, “तीस वर्षं दगड फोडून पाणी काढलं. आणि हे हातभर आत...”

बायको म्हणाली, “दोनशे फुटांवर नव्हतं ना, म्हणून नाही सापडलं.”

प्लंबर हसला, सिस्टर हसली, म्हातारी तर हसलीच. आता हा भडकणार म्हणून मी दोरी ताणून उभा. भडकला, पण रंगाऱ्यावर.

“तुला माहीत होतं!”

“होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत का? तुम्ही म्हणालात, रंग मार. मी मारला.”

“चालता हो! घोडा ठेव आणि चालता हो!” म्हणून माझे जे काही होतील ते पैसे त्याच्या अंगावर फेकले. असा मी या घराचा झालो. रंगारी जाताना माझ्या पायरीवर एकदा टकटक करून गेला. बारा वर्षं होतो त्याच्याकडं. वाईट माणूस नव्हता. पण त्याला विचारावं लागायचं.

पाइप बदलला. दोनशे फुटाला वाटलं, झालं, उद्या रंग. प्लंबर म्हणाला, “रंगाला हात लावाल तर परत फोड येतील. गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवा. तीन महिने वाळू द्या.”

तीन महिने! आणि पहिली तारीख चार दिवसांवर. उघड्या विटांच्या खोलीत राहायला कोण थांबतंय? सिस्टर गेली की एजंट येणार, घर जाणार.

त्या दिवशी मी जे बघितलं ते सांगतो. दोनशे फुटानं आधी फोन केला. “येऊ का?” विचारलं. आला तर दारावर थाप मारली, दार उघडेपर्यंत बाहेर थांबला. उघडल्यावर पण उंबऱ्याबाहेरच. हातातली पिशवी या हातातून त्या हातात.

“सिस्टर, भिंत तीन महिने उघडी राहील. दिसायला घाण दिसेल. भाडं निम्मं द्या. आईंचा पलंग मी पुढच्या खोलीत सरकवून देतो. पण...”  याला मागायची सवय नाही, फक्त सांगायची. “पण जाऊ नका. तुम्ही गेलात तर माझं घर जातं.”

 आतून म्हातारी म्हणाली, “कंबर गेलेली आहे ना तुमची? पलंग कसा सरकवणार?”

“सरकवतो.”

“पडाल. मग हिलाच सुई टोचावी लागेल.”

सिस्टर म्हणाली, “दोन गोष्टी, काका. निम्म्या भाड्याचं आणि तीन महिन्यांचं कागदावर लिहून द्या. आणि हा घोडा इथून हलवा. तो खोलीत उभा दिसला की आईला वाटतं, आता आपल्याला निघायचंय.”

कागदावर सही झाली, पलंग शेजारच्यांनी उचलला आणि मी जिन्याखाली गेलो. तिथं उभा राहून पहिल्यांदा मला माझ्या जन्माचा हिशेब लागला. ज्या ज्या भाड्याच्या घरात मी शिरलो, तिथनं कोणीतरी नुकतंच निघून गेलेलं असायचं. म्हातारीला ते एका नजरेत कळलं होतं, मला बारा वर्षांत कळलं नाही.

मग वाट बघणं. बायको दर पंधरवड्याला बसनं यायची, सिस्टरला आधी कळवून. भिंतीपाशी जायची आणि हात नाही, गाल टेकवायची. म्हणायची, हात कामानं राठ झालाय, त्याला कळत नाही. पहिल्या महिन्यात म्हणाली, “गार.” दुसऱ्या महिन्यात, “गारच, पण आता फक्त खाली.” नवरा दारात उभा, नखं खात. एकदा म्हणाला, “शेगडी लावू का भिंतीला?” तिनं नुसतं बघितलं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ती आली तेव्हा बराच वेळ गाल टेकवून उभी राहिली. डोळे मिटलेले. मला जिन्याखालून उघड्या दारातून सगळं दिसत होतं. मग ती वळली, पिशवीतून फोन काढला आणि एजंटाला लावला.

“हां, मी बोलतेय. घर विकायचं नाही.”

फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, “चला, रंग आणा. पण कुठला आणायचा ते सिस्टर सांगतील.”

सिस्टरनं पांढरा सांगितला, साधा. म्हणाली, पांढऱ्यावर काही लपत नाही. माझं शेवटचं काम तेच. दोनशे फूट स्वतः चढला माझ्यावर, कंबर धरून, शिव्या देत. एक भिंत रंगवायला त्याला तीन दिवस लागले. काम वाईट झालं, ब्रशचे ओरखडे अजून दिसतात. पण फोड नाही आला.

त्याला चार वर्षं झाली. सिस्टर तिथंच आहे. मधे एकदा भाडं थोडं वाढवलं, दोघांनी बसून ठरवलं. एजंट अजून कधी कधी सांगतो, दुसरा भाडेकरू जास्त देईल. दोनशे फूट फोनवर ओरडतो, “आणि घर महिनाभर रिकामं राहिलं तर ते भाडं तू देणार?” ओरडायची सवय गेलेली नाही. पण आता बरोबर माणसावर ओरडतो.

त्यानं दुसरं घर घ्यायचं मनावर घेतलंय. मागच्या महिन्यात एक बघून आला, आणि मग परत गेला, आणि मग पावसात परत गेला. सगळे नळ एकदम सोडून बसला म्हणे तासभर. विकणारा वैतागला. वैतागू दे. दोनशे फूट अजून ठरवत नाही. फटफटी बंद करून जातो आता.

मी जिन्याखाली आहे. माझ्या पायऱ्यांवर आता चपला असतात. वर सिस्टरचे ड्युटीचे बूट, मधे म्हातारीच्या मऊ चपला, खाली पाहुण्यांच्या. बोल्टाला गंज आहे, दोरी उंदरानं कुरतडलीय, उघडायला गेलात तर पाय फाकून पडेन. कामाचा राहिलो नाही. शाळेच्या निबंधातल्या वस्तू असं म्हणताना रडतात, मला उचला, मला पुसा, मला विसरू नका. मी नाही रडत.

तुम्ही नवीन घरमालक व्हायला निघाला असाल, तर माझं एवढंच ऐका. विचारताना लाजू नका, भिंतीला हात लावा, आत माणूस राहत असेल तर दार वाजवा, आणि राहणारा चांगला असेल तर त्याला धरून ठेवा. मग तुमच्याकडं माझ्यासारखा एखादा घोडा असेल, त्याच्यावर धूळ बसेल. वर्षानुवर्षं बसेल. ती पुसू नका.